मामा, टप उघडणारी गाडी घेऊ?

वनदेवीच्या मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर माझं दुकान आहे. पाटीवर ‘सीट कव्हर’ लिहिलंय, पण मी स्वतःला हूडवालाच समजतो. पुण्यातल्या कर्वेनगरात बैठे बंगले होते तेव्हापासून जीपगाड्यांची हूडं शिवतोय. कॅनव्हास, रेक्झिन, बकलं, चेन, मागच्या खिडकीचं प्लास्टिक. आता सीट कव्हरंच जास्त येतात. हूड महिन्याला एखादं आलं तर आलं.

त्यामुळे ॲरिझोनातल्या फिनिक्सहून भाचीचा फोन आला, “मामा, कन्व्हर्टिबल घेतेय, कोणती घेऊ?” तेव्हा बायको हसली, मी मात्र मशीन बंद करून स्टुलावर नीट बसलो. चाळीस वर्षांत माझ्या कामातलं काही घरातल्या माणसानं मला विचारल्याची ही पहिलीच वेळ.

“इथे वर्षाचे तीनशे दिवस ऊन असतं,” ती म्हणाली. म्हणजे तीनशे दिवस टप उघडा, असा तिचा हिशेब. तो तिथेच चुकत होता.

२०२३ च्या जूनअखेरीपासून फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांपर्यंत किंवा त्याच्याही वर गेला होता. अशा हवेत टप उघडून काय होतं? वारा लागला की गार वाटतं हा आपला पुण्याचा अनुभव. माणसाची कातडी साधारण ३५ अंशांची असते. हवा तिच्यापेक्षा गार असली तर वारा अंगातली ऊब काढून नेतो. हवा ४३ अंशांची असली तर तोच वारा अंगावर ऊब आणून ओततो. घाम थोडा गारवा देतो, पण कोरड्या हवेत तो इतक्या पटकन उडतो की किती पाणी गेलं ते समजतही नाही. त्यात सिग्नल लागला की वाराही थांबतो आणि टाळूवर ऊन.

म्हणून तिला सांगितलं, वाळवंटात अशी गाडी वर्षातले चार-पाच महिने बंदच चालवावी लागणार. तेव्हा गाडी बघायला भर दुपारी जा, टप लावून घे, एसी सुरू कर आणि तासभर फिरव. तुला जे विकत घ्यायचंय ते हेच आहे. टप उघडल्यावर कुठलीही गाडी छानच वाटते.

आता टप. यावर मी तिचा अर्धा तास घेतला.

कापडी टप दोन जातींचे. एक रेक्झिनच्या भाऊबंदांतला, म्हणजे व्हिनाइल. तो मऊ राहतो तो त्यात मिसळलेल्या द्रव्यामुळे. उन्हानं ते हळूहळू निघून जातं, रेक्झिन कडक होतं आणि घडीवर चिरतं. दुसरा विणलेला, ॲक्रिलिक धाग्याचा: वर कापड, मध्ये रबराचा थर, आत अस्तर. उन्हात हाच घ्यावा. त्यातही आत जाड अस्तर आणि गादी असलेला. एकेरी टपाखाली बसलं की डोक्यावर तवा धरल्यासारखं होतं. रंग फिका. काळं कापड शोरूममध्ये झोकदार दिसतं, पण ते ऊन पितं.

आणि कापड बघून झालं की शिवण बघायची, हे कुणी सांगत नाही. कापड टिकतं, दोरा आधी जातो. सुती दोरा उन्हानं कुजतो, पॉलिएस्टरही काही वर्षांत कच्चा होतो. टेफ्लॉनचा दोरा मिळतो. तो महाग, शिवताना निसटतो, पण उन्हाला दाद देत नाही. जुनी गाडी घेत असलीस तर टपाच्या कडेची शिवण नखानं ओढून बघ, असं मी तिला म्हटलं. मागची काचही खरी काचच हवी. प्लास्टिक पिवळं पडतं, आणि दोन उन्हाळ्यांनंतर मागची गाडी लिंबू सरबतातून बघितल्यासारखी दिसते.

“मग पत्र्याचा टप घडी होतो, तो?” तिनं विचारलं. तो प्रकार नवा नाही. प्यूजोनं १९३० च्या दशकातच विजेवर मागे सरकणारा पक्का टप विकला होता. बंद असताना आवाज कमी, चोरही चाकूनं फाडू शकत नाही. पण वजन वाढतं, उघडला की डिकी भरून जाते, आणि जोड जितके जास्त तितकी रबरं जास्त. उन्हात रबर कडक होतं, हे आपल्या कुकरच्या रिंगवरूनही कळतं. बीएमडब्ल्यूच्या झेड-४ ला मध्ये एक पिढी पत्र्याचा टप होता, पुढच्या पिढीत पुन्हा कापडी आला. मी कापडाच्या बाजूचा, हे उघड आहे.

आपल्याकडे हा शौक पुरवणाऱ्या गाड्या फारशा नाहीत. गोव्याच्या सॅन मोटर्सची दोन आसनी ‘स्टॉर्म’ होती, फायबरग्लासच्या अंगाची, रेनोच्या इंजिनावर चालणारी. तिच्या टपाचं माप मी एकदा घेतलंय. लहान मुलीचं परकर-पोलकं शिवल्यासारखं काम. आज रस्त्यावर दिसते ती थार. महिंद्रानं नवी थार २ ऑक्टोबर २०२० ला आणली, नाशिकला बनते, आली तेव्हा तिला कापडी टपही मिळायचा. नाव वाळवंटाचं. त्याच थारच्या मुलखात राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तिथे दुपारी टप खाली करून फिरणारा मला भेटला तर मी त्याला आधी मिठाचं पाणी देईन.

राहिली धूळ. फिनिक्सला पावसाळ्यात धुळीच्या भिंती चालून येतात, ‘हबूब’ म्हणतात. ५ जुलै २०११ ची तर फार मोठी होती. टपावर धूळ असताना तो मिटला तर प्रत्येक घडीत पॉलिश पेपर ठेवल्यासारखं होतं. आधी मऊ ब्रशनं झटकायचा, मग मिटायचा. आळस करणाऱ्यांमुळेच माझं दुकान चाललंय, ते सोडा.

शेवटी मी विचारलं, “ऑफिसात गाडी सावलीत असते का गं?” कारण तिच्याच भागात, टेंपीला, संशोधकांनी बंद गाड्या उन्हात ठेवून मोजलं होतं; तो अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. तासाभरात आतली हवा सरासरी ४७ अंश, डॅशबोर्ड ६९, स्टिअरिंग ५३, सीट ५१. सावलीतल्या गाडीत हवा ३८ च्या आसपास. “सोलर पॅनेलचं छप्पर आहे,” ती म्हणाली. मग घे म्हटलं.

तिनं माझदाची एमएक्स-५ पक्की केलीय, कापडी टपाची. सीटं मात्र काळ्या लेदरची. मी तिच्यासाठी दोन सुती खोळी कापायला घेतल्यात, बदामी रंगाच्या. माप इंचात आलंय ते बरं, माझी टेपही इंचाचीच. सीटच्या कडेला एअरबॅग असते, तेवढी बाजू उघडी सोडतोय.