नव्या सभामंडपात भजनाचे शब्द का कळत नाहीत? उत्तर सापडतं चर्चमध्ये आणि लेण्याद्रीत

जुन्नर/आंबेगाव : भीमाशंकरला जाऊन आलेल्या बहुतेकांनी शनिमंदिरासमोरची मोठी घंटा पाहिली असेल, तिच्याबरोबर फोटोही काढला असेल. ही घंटा मूळची चर्चची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या काही घंटा इकडच्या देवळांना दिल्या गेल्या. त्यातलीच ही एक मानली जाते.

चर्चशी आपलं नातं घंटेपुरतंच नाही. चर्चमध्ये मराठी ओवीही गायली गेली आहे, आणि तीसुद्धा चारशे वर्षांपूर्वी! फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला. इथे राहून तो मराठी शिकला आणि ज्ञानेश्वरी ज्या ओवीत आहे, त्याच ओवीत त्याने 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूर इथे छापला गेला. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून रोमन अक्षरांत! आपल्याकडे पारायण होतं, तशा त्या ओव्या चर्चमध्ये जमलेल्या लोकांसमोर म्हटल्या जायच्या.

आता मूळ प्रश्न. चर्चमधलं जुनं गाणं एवढं संथ का असतं? त्यात भक्तिभाव असतोच, पण इमारतीचाही हात असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दगडी भिंत, उंच छत, बंद दारं असली की तो भिंतीवर आपटून परत येतो, पुन्हा आपटतो आणि काही सेकंद घुमत राहतो. अशा जागी भराभर गायलं तर मागचा शब्द विरायच्या आत पुढचा येऊन त्याच्यावर पडतो. सगळा काला होतो. म्हणून स्वर लांबवायचा, मधे थांबायचं. गाणारे हे शास्त्र न शिकता, नुसत्या कानाने ओळखत आले.

हाच अनुभव आपल्या लेण्याद्रीतही येतो. गणपतीच्या लेण्याशेजारचं चैत्यगृह पाहा. लांब दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर कमानीसारखं छत, शेवटी अर्धगोल भाग आणि त्यात स्तूप. जुन्या चर्चची मांडणीही बरीचशी अशीच असते. जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात कार्ल्याच्या चैत्यगृहाची तुलना थेट चर्चशी केली होती. गणपतीच्या लेण्यात तर एवढ्या मोठ्या दालनात मधे एकही खांब नाही. तिथे शांतपणे म्हटलेली आरती भरून राहते. दहा जण एकदम ओरडले की नुसता गोंगाट.

जुन्या गोव्यात डोंगरावरच्या मोंत चॅपेलमध्ये मोंत संगीत महोत्सव भरतो. तिथे पाश्चात्त्य गाण्याबरोबर आपलं शास्त्रीय संगीतही होतं. चर्चमध्ये राग ऐकायचा म्हणजे काहींना नवल वाटेल, पण दगडी भिंतीला तानपुरा काय नि पियानो काय!

मग आपल्या गावात काय बिघडलं? जुना सभामंडप लाकडी खांबांचा आणि बाजूंनी उघडा होता. टाळ-मृदंगाचा आवाज बाहेर निघून जायचा, म्हणून द्रुत चालीतही अभंगाचा शब्द न् शब्द कळायचा. आता आरसीसीचा घुमट, भिंतींना टाइल्स, खाली ग्रॅनाइट, खिडक्यांना काचा. हे सगळं आवाज परत फेकतं. त्यात चार मोठे बॉक्स लावले की सप्ताहात कीर्तनकार महाराज काय सांगताहेत ते मागच्या रांगेतल्या आजीला कळत नाही. मग आवाज आणखी वाढवतात, आणि घोळ आणखी वाढतो.

लाखो रुपये घालून मंदिर बांधताना ही चौकशी कुणी करत नाही, हे खटकतं. बांधून झालं असेल तरी उपाय आहेत, आणि तेही स्वस्त. जाड सतरंज्या अंथरा, भिंतींवर कापडी पडदे सोडा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. दोन मोठ्या बॉक्सऐवजी लहान स्पीकर लोकांच्या जवळ, त्यांच्याकडे तोंड करून लावा आणि आवाज कमी ठेवा. बांधकाम व्हायचं असेल तर घुमटाचा आकार ठरवण्याआधी इंजिनिअरला हा प्रश्न विचारा.

आपलं मंदिर कसं आहे ते बघायचंय? दुपारी रिकामं असताना मधे उभं राहून एक जोरात टाळी वाजवा आणि ती विरेपर्यंत मोबाइलच्या स्टॉपवॉचवर सेकंद मोजा. मग सप्ताहात मंडप भरलेला असताना तेच करून पाहा. माणसांचे कपडे आणि अंग आवाज शोषून घेतात, त्यामुळे त्या दिवशी आकडा कमी येईल.