भूक लागली की ॲपच का उघडतं?

ॲपवरून जेवण मागवणाऱ्याला आळशी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण रोज चालत जाऊन खालच्या केंद्रातून पोळीभाजी आणणारा माणूसही शनिवारी रात्री ॲप उघडतो. त्याचं कारण समजून घ्यायचं तर एक ऑर्डर पहिल्यापासून बघायला हवी.

आधी हॉटेलला फोन लावावा लागे. 'मारुतीच्या देवळामागची गल्ली, दुसरा मजला' असा पत्ता दर वेळी नव्याने सांगायचा, सुट्टे पैसे काढून ठेवायचे. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं: 'निघालाय, पोचेलच.' खरी चीड त्या 'पोचेलच'ची होती. २००८ मध्ये सुरू झालेलं झोमॅटो तेव्हा मुख्यतः हॉटेलांची मेनूकार्डं आणि लोकांचे अभिप्राय दाखवायचं. २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या स्विगीने पोचवणारी माणसं स्वतःच्या दिमतीला ठेवली आणि नकाशावर त्यांची गाडी दिसू लागली.

नकाशामुळे बिर्याणी काही लवकर शिजत नाही. पण पस्तीस मिनिटं लागणार हे कळलं की लहान मुलाला आधी वरणभात भरवायचा की थांबायचं, हे ठरवता येतं. हा अंदाज हॉटेलात पदार्थ तयार व्हायला किती वेळ लागतो, जवळ कोण मोकळा आहे, रस्त्यावर गर्दी किती आहे, यावरून काढतात. अंदाज चुकतोही, पण चुकतोय हे समोर दिसत राहतं. दमून आलेल्या माणसाला एवढी खात्रीही पुष्कळ वाटते. भाजी सांडलेली आली, तर फोटो पाठवल्यावर बऱ्याचदा पैसे परत मिळतात. हॉटेलवाल्याशी हुज्जत घालावी लागत नाही.

दुसऱ्या ऑर्डरपासून सवय मुरू लागते. पत्ता साठवलेला, यूपीआय जोडलेलं, 'आजोबांसाठी तिखट कमी' ही सूचनाही मागच्या वेळची. एका बोटात तेच जेवण पुन्हा येतं.

पैशांची गंमत बिलात आहे. पदार्थाची किंमत, पॅकिंग, डिलिव्हरी, जीएसटी आणि प्लॅटफॉर्म फी, प्रत्येक ओळ स्वतंत्र आणि छोटी. २०२३ मध्ये ही प्लॅटफॉर्म फी दोन रुपयांपासून सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी दहा रुपयांवर गेली. तरीही तेवढ्यासाठी ऑर्डर कोण रद्द करणार? वर, ठरावीक रकमेपुढे सूट मिळते म्हणून नको असलेले गुलाबजाम टोपलीत येतात. सभासदत्व त्याहून प्रभावी. तीन महिन्यांचे पैसे आधीच भरलेले असले की प्रत्येक ऑर्डर म्हणजे ते वसूल करणं वाटतं. अनेक हॉटेलं ॲपचं कमिशन भरून काढायला तिथले भाव मुळातच चढे ठेवतात, हे त्या हिशेबात येत नाही. डिलिव्हरी 'फुकट' म्हटली, तरी भर पावसात जिना चढून येणाऱ्याचं पेट्रोल जळतंच.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती न दिसणारी गोष्ट: गिऱ्हाइकाचा नंबर. तुम्ही वर्षभर एकाच हॉटेलची थाळी मागवलीत, तरी त्या हॉटेलवाल्याला तुम्ही कोण ते सहसा ठाऊक नसतं. ही माहिती ॲप आपल्याकडेच ठेवतं, अशी नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाची जुनी तक्रार आहे. भावासंबंधीच्या अटी आणि इतर मुद्द्यांवर तिने केलेल्या तक्रारीनंतर भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये स्विगी आणि झोमॅटोच्या चौकशीचा आदेश दिला.

चव हॉटेलची आवडते, पण ओळख ॲपशी राहते. सूट बंद झाली तर गिऱ्हाईक एका ॲपवरून दुसऱ्यावर जाईल, थेट हॉटेलकडे क्वचितच. पुढच्या वेळी तिथे बसून जेवलात, तर गल्ल्यावरून हॉटेलचा नंबर मागून घ्या आणि तिथल्या मेनूकार्डाचे भाव ॲपशी ताडून बघा. जवळच्या हॉटेलांपैकी काही आपला माणूस पाठवतातही.