हातगुण आणि रोपांचा बाजार

मृगाची पहिली सर पडून गेली, की पुण्यासारख्या शहरातला पुढचा रविवार हा रोपवाटिकांचा असतो. सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकून उरुळी कांचनच्या दिशेने निघाले, की हिरव्या जाळीच्या सावलीत मांडलेल्या रोपांच्या रांगा दिसू लागतात. तेथे मोटारी थांबतात, तशाच दुचाकीही थांबतात. आणि दुचाकीवरून उतरणाऱ्यांत एखादा शाळेतला मास्तर किंवा कचेरीतला कारकून हमखास असतो. त्याच्यापाशी बाग नसते. घराच्या दारापुढे दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक पोर्च असतो. त्यात आठदहा कुंड्या बसाव्यात, दार उघडताना मोगऱ्याचा वास यावा, देवाला चार फुले घरची निघावीत, एवढीच त्याची अपेक्षा असते. इतकी माफक मागणी आणि इतका भरघोस पुरवठा यांची गाठ पडल्यावर व्यवहार सुखाचा व्हावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पुढच्या मृगापर्यंत त्यातल्या बऱ्याच कुंड्यांत नुसती माती उरते. मग घरातले वडीलधारे माणूस निकाल देते, "तुझ्या हाताला गुण नाही." आणि तो बिचारा तो निकाल निमूटपणे मान्यही करतो.

हातगुण ही आपल्याकडची जुनी कल्पना आहे. वैद्याच्या औषधाला, सुगरणीच्या स्वयंपाकाला आणि झाड लावणाऱ्याला ती लावली जाते. तिच्यात निरीक्षणाचा अंश नाही, असे नव्हे. पाणी केव्हा घालावे आणि केव्हा घालू नये हे ज्याला सवयीने कळते, त्याची झाडे जगतात. परंतु पोर्चमधल्या कुंड्यांच्या बाबतीत हा निकाल बहुधा चुकीच्या आरोपीला दिला जातो. दोष पुष्कळदा हाताचा नसून बाजाराचा असतो; आणि तो रोप घरी येण्यापूर्वीच घडून गेलेला असतो.

पिशवीत नेमके काय असते?

सोनचाफ्याचेच उदाहरण घ्यावे. कलम केलेला सोनचाफा कुंडीतही लवकर फुलतो. बियांपासून वाढवलेला सोनचाफा फुलायला अनेक वर्षे घेतो, आणि तोवर तो कुंडीत मावेनासा होतो. दोन्हींची पाने सारखीच. खोडावरचा कलमाचा सांधा ओळखण्याची नजर नसेल, तर कोणते रोप हाती पडले हे गिऱ्हाइकाला तीनचार वर्षांनी कळते, आणि तेही फूल न आल्यामुळे.

गुलाबाची कथा याहून चमत्कारिक आहे. विकला जाणारा गुलाब हा पुष्कळदा रानटी जातीच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. वरचा डोळा अशक्त निघाला किंवा जळाला, की खालच्या खुंटाला जोमदार फूट येते. मालक हरखतो, पाणी वाढवतो, शेणखत घालतो. लांबच लांब काटेरी फांद्या वाढत राहतात. फूल मात्र येत नाही. ज्या गुलाबाचे पैसे दिले तो केव्हाच मेलेला असतो, आणि घरातली सगळी माणसे त्याच्या खुंटाची सेवा करीत असतात.

तिसरा प्रकार मातीचा. महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांत दिसणारी सगळी रोपे येथे जन्मलेली नसतात. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळचे कडियम हे देशातल्या रोपव्यवसायाचे एक मोठे केंद्र आहे. तेथून आणि बंगालमधून ट्रक भरभरून रोपे देशभर जातात. एवढ्या प्रवासात मुळे उघडी पडू नयेत आणि ओल टिकावी, म्हणून मुळांभोवती चिकणमातीचा गोळा असतो. वाहतुकीच्या दृष्टीने ही युक्ती शहाणपणाची आहे. परंतु हाच गोळा कुंडीतल्या भुसभुशीत मातीत जसाच्या तसा बसवला, की आतली माती विटेसारखी घट्ट होते. बाहेरची माती ओली दिसते. गोळ्याच्या आत एकतर पाणी शिरत नाही, किंवा शिरलेले निघत नाही. मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडतात. घरातले कोणी म्हणते पाणी कमी पडले, कोणी म्हणते जास्त झाले. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असते, पण मूळ कारण कोणालाच दिसत नाही.

जाळीच्या सावलीत, दमट हवेत वाढलेले रोप एकदम पश्चिमेच्या उन्हात ठेवले, तर ते पाने टाकते. विक्रीपूर्वी काही दिवस त्याला उन्हावाऱ्याची सवय लावणे, म्हणजे ते कणखर करणे, हे चांगल्या रोपवाटिकेचे काम. पण त्याला जागा लागते आणि दिवस लागतात. हिवाळ्यात बहरलेली पिटुनियासारखी हंगामी फुलझाडे उन्हाळ्यात मरतात, कारण त्यांचे आयुष्यच तेवढे असते. ते कोणी सांगत नाही, म्हणून त्यांच्या मृत्यूचे पातकही घेणाऱ्याच्याच माथी येते. शेवंतीची तर आणखीच गंमत. दिवस लहान आणि रात्री मोठ्या होऊ लागल्या, की तिला कळ्या धरतात. पोर्चमध्ये रात्रभर दिवा जळत असेल, तर तिच्या लेखी रात्र मोठी होतच नाही, आणि कळ्या लांबतात. चोरांच्या भीतीने लावलेला दिवा शेवंतीचा बहर चोरतो, हे विकणाऱ्याला ठाऊक असले तरी विचारल्याशिवाय तो सांगत नाही. आणि जे ठाऊकच नाही ते विचारणार कसे?

न दिसणाऱ्या गुणांचा सौदा

या सगळ्या उदाहरणांत एक सूत्र आहे. मालाचा खरा गुण खरेदीच्या क्षणी दिसत नाही. तो विकणाऱ्याला थोडाफार माहीत असतो; घेणाऱ्याला तो महिन्यांनी, कधी वर्षांनी कळतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन नेमका हाच प्रश्न मांडला होता. चांगली गाडी आणि रद्दी गाडी यांतला फरक गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना सरासरी किंमत देतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगला माल हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. या विचाराबद्दल त्यांना पुढे २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रोपांच्या बाजाराला हे विवेचन तंतोतंत लागू पडते.

गिऱ्हाइकाला मूळ दिसत नाही, फूल दिसते. साहजिकच तो फुलाला पैसे देतो. मग ज्याला धंदा करायचा आहे तो मुळावर का खर्च करील? खत देऊन, ऐन विक्रीच्या वेळी रोप कळ्यांनी लगडलेले दिसेल एवढी व्यवस्था केली, की काम झाले. जो रोपवाटिकाचालक रोप दोन महिने अधिक सांभाळतो, पिशवी बदलतो, कणखर करतो, त्याचे रोप शेजारच्यापेक्षा पन्नास रुपयांनी महाग पडते आणि दिसायला तसेच असते. किंबहुना थोडे रोडावलेले दिसते. रविवारचे गिऱ्हाईक स्वस्त आणि फुललेले रोप उचलते. असा हा बाजार प्रामाणिकपणाला दंड करतो.

म्हणून विकणाऱ्याला खलपुरुष ठरवून भागणार नाही. त्याचा माल जिवंत आहे. तो रोज पाणी मागतो; विकला गेला नाही तर पिशवीतच वाढतो आणि मुळांची वेटोळी होऊन वाया जातो. पाणी, मजुरी, जागेचे भाडे यांचा ताळेबंद त्यालाही जुळवावा लागतो. मात्र टपालाने आणि इंटरनेटवरून चालणाऱ्या विक्रीत जे 'निळ्या गुलाबाचे बी' खपवले जाते, त्याची गणना अडचणीत नव्हे, शुद्ध फसवणुकीत करावी लागेल. गुलाबात निळेपण आणणारे रंगद्रव्य निसर्गतः तयारच होत नाही. जपानमध्ये जनुकीय बदल करून २००९ साली विक्रीस आणलेले फूलसुद्धा फिकट जांभळेच आहे.

कायदा काय करतो? फळझाडांच्या रोपवाटिकांना परवाना सक्तीचा करणारा कायदा महाराष्ट्राने १९६९ सालीच केला. आंब्याचे कलम खोटे निघाले, तर शेतकऱ्याची अनेक वर्षे वाया जातात, ही त्यामागची जाण योग्यच होती. परंतु पोर्चमधला मोगरा फळझाड नव्हे. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली आला आणि २०१९ साली नव्याने झाला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आता शुल्कही लागत नाही. तरीही दीडशे रुपयांच्या जास्वंदीसाठी रजा टाकून जिल्हा आयोगापुढे कोण उभे राहील? शिवाय रोप मेले ते विक्रेत्यामुळे की पाण्यामुळे, हे वाळलेल्या काडीवरून सिद्ध कसे करायचे? नुकसान एकेकट्याचे लहान, म्हणून तक्रार नाही. तक्रार नाही, म्हणून सुधारणा नाही. हजारो घरांतून विखुरलेले हे नुकसान कोणाच्याच हिशेबवहीत चढत नाही.

माहितीची किंमत

मग उपाय कोणता? परवान्याची आणखी एक खिडकी उघडणे, हा तो नव्हे. तिचा जाच रस्त्याकडेच्या लहान विक्रेत्याला होईल, आणि मोठा विक्रेता तो खर्च किमतीत मिळवून मोकळा होईल. येथे उणीव माहितीची आहे; तेव्हा उपायही माहितीचाच हवा. प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी असावी: रोपाचे नेमके नाव, ते कलम की बियांचे, ऊन किती तास लागते, आयुष्य एका हंगामाचे की अनेक वर्षांचे, आणि या पिशवीत ते केव्हा भरले. एवढ्या पाच ओळींचा खर्च रोपामागे फार येणार नाही. 'ही चिठ्ठी खोटी निघाली तर रोप बदलून मिळेल', असे जो विक्रेता लिहून देईल, त्याला आपल्या चांगल्या मालाची अधिक किंमत मागण्याचा हक्क मिळेल आणि गिऱ्हाइकाला ती देण्याचे कारण.

ही प्रथा पाडण्याचे सामर्थ्य एकट्या कारकुनात नाही. पण नगरपालिका, शाळा, महाविद्यालये आणि सहकारी गृहरचना संस्था एका वेळी शेकड्यांनी रोपे घेतात. त्यांनी आपल्या मागणीपत्रात चिठ्ठीची अट घातली, तर तेच विक्रेते तीच सवय किरकोळ गिऱ्हाइकापर्यंत नेतील. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते आणि सुंदर फुलांचा गौरव होतो. त्याच ठिकाणी प्रामाणिक रोपाचाही गौरव व्हायला हरकत नसावी.

तोवर घेणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. फुललेले रोप टाळून भरीव पानांचे, धाकटे रोप घ्यावे. पिशवीच्या तळाशी मुळांची वेटोळी दिसतात का, ते पाहावे. गुलाबाचा सांधा शोधावा आणि त्याखालची फूट निर्दयपणे काढावी. चिकणमातीचा गोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने सैल करावा. मुख्य म्हणजे पोर्चमध्ये ऊन नेमके किती वेळ येते, हे आधी घड्याळ लावून पाहावे. 'कुठेही येते' हे विक्रेत्याचे उत्तर कोणत्याही झाडाच्या बाबतीत खरे नसते.

आणि एक जुना मार्ग आहे, जो बाजारातून जातच नाही. वाड्यांच्या काळात रोपे विकत आणण्याची पद्धत फारशी नव्हती. पावसाळ्यात शेजारच्या अंगणातून जास्वंदीची किंवा मोगऱ्याची फांदी मागून आणीत आणि ओल्या मातीत खोचीत. त्या देवघेवीत केवळ पैसे वाचत नसत. मूळ झाड डोळ्यांसमोर असे. त्याचे फूल, त्याची वाढ, त्याला लागणारे ऊन, सगळे ठाऊक असे. ते त्याच गल्लीच्या हवेत आणि पाण्यावर वाढलेले असे. आणि फांदी देणारी काकू दोन दिवसांनी स्वतः येऊन विचारी, "धरली का गं?" बाजाराला जी माहिती पुरवता येत नाही, ती सगळी त्या एका फांदीबरोबर फुकट येत असे.

वाडे गेले, पण पोर्चला लागून पोर्च आहेतच. ज्याच्याकडे मोगरा फुलतो त्याने पहिल्या पावसात चार फांद्या शेजाऱ्यांना द्याव्यात, आणि घेणाऱ्याने पुढच्या वर्षी आपल्या चार फांद्या पुढे सरकवाव्यात. अशा ओळीने मोगरा फुलू लागला, की हाताला गुण नाही म्हणून खाली मान घालणाऱ्या माणसाला एक गोष्ट उमजेल. त्याच्या हातात उणे काही नव्हते; त्या हातात दिलेल्या रोपाविषयी त्याला कोणी खरे सांगितले नव्हते, इतकेच.