आकाशातला फोटो आणि शेताचा बांध

वनजमिनीचा दावा मंजूर का झाला नाही, असे सातपुड्यातल्या कसणाऱ्याने विचारले, की कधीकधी उत्तर मिळते, ‘उपग्रहाच्या चित्रात तुमच्या जागेवर झाडी दिसते.’ झाले! तलाठ्याशी, गार्डाशी बोलता येते, पण आकाशातून काढलेल्या फोटोशी वाद घालायचा कसा? बिचारा गप्प घरी येतो.

पण गप्प बसायचे कारण नाही. अक्कलकुवा तालुक्याची हद्द ओलांडली की गुजरातचा नर्मदा जिल्हा लागतो. तिथल्या डेडियापाडा भागात, शूलपाणेश्वर अभयारण्याच्या परिसरातल्या आदिवासींनी याच फोटोला साक्षीदार केले.

वनहक्क कायदा २००६ सालचा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला प्रत्यक्ष कसत असलेली, जास्तीत जास्त चार हेक्टर जमीन मिळते. अभयारण्यातही हा कायदा लागू आहे. अडचण येते ती पुराव्याची. २००५ पूर्वीचा कागद आणायचा कुठून? दंडाची पावती कुणी जपून ठेवली असेल तर ठीक, नाहीतर सगळा तोंडी कारभार.

तिथे उपग्रहाचे चित्र कामाला येते. मात्र ते वाचावे लागते. आपल्या देशी उपग्रहांच्या ज्या चित्रांवरून बरीच वर्षे जंगल मोजले गेले, त्यांतला एक ठिपका म्हणजे साडेतेवीस मीटर लांब-रुंद, सुमारे साडेपाच गुंठ्यांचा तुकडा. नाल्याकाठची अरुंद पट्टी त्यात हरवून जाते. शिवाय आपल्याकडे मोह, आंबा शेतातच उभा असतो, तो कुणी तोडत नाही. वरून दिसतो झाडाचा शेंडा. खाली नांगर चालतो की नाही, हे वरून कसे कळावे? डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था तर एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून जास्त झाडोरा दिसला, की ते वनाच्छादन धरते. मग ती खासगी आमराई का असेना! जमीन कुणाची, हे त्या मोजणीत पाहिलेच जात नाही.

डेडियापाड्यात ‘आर्च-वाहिनी’ या संस्थेच्या मदतीने गावातल्याच पोरांनी जीपीएस यंत्र हाती घेतले. प्रत्येक शेताच्या बांधावरून चालत जाऊन हद्द टिपली आणि ती उपग्रहाच्या जुन्या, बारीक चित्रांवर बसवली. शेत तेव्हा होते की नाही, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आले.

दरम्यान गुजरातेत कितीतरी दावे उपग्रह-चित्रांच्या आधारे नाकारले गेले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. केवळ चित्रावर विसंबून दावा फेटाळता येणार नाही, इतर पुरावेही पाहा, असा निकाल २०१३ मध्ये लागला. त्याआधी, २०१२ मध्येच, केंद्राने नियमांत तसे स्पष्ट केले होते. उपग्रहाचे चित्र हा इतर पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याची जागा घेणार नाही.

असा नकाशा वनखात्यालाही हवाच असतो. कोणाचे शेत कुठपर्यंत, हे एकदा पक्के झाले की पलीकडे नवी तोड झाली तर ती लगेच उघडी पडते. जुना कसणारा आणि कालपरवा कुऱ्हाड घेऊन घुसलेला यांत फरक करता येतो. वणव्याचेही तसेच. उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना आता मोबाइलवर येते, पण विझवायला गावच धावते. हद्दीच्या भांडणात अडकलेले गाव कशाला धावेल?

तेव्हा दावेदारांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोजणीच्या दिवशी स्वतः बांधावर हजर राहा, शेजाऱ्यालाही बोलवा. जुनी विहीर, झोपडी, बांधबंदिस्ती नकाशात दाखवून घ्या. गावातल्या जाणत्या माणसाचा जबाब लेखी घ्या. तोही नियमांनी मान्य केलेला पुरावा आहे. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे साठ दिवसांत दाद मागता येते. आणि ‘चित्रात झाडी दिसते’ असे कुणी म्हणालेच, तर विचारा, ‘साहेब, चित्र कोणत्या सालचे, कोणत्या महिन्यातले? आणि जागेवर येऊन पाहिले का?’