वेग पायात की पायडलात?

हिंगोली ते औंढा नागनाथ रस्त्यावर अलीकडे भल्या पहाटे हेल्मेट घातलेली मुलं सायकल चालवताना दिसतात. कुणी भरतीसाठी दम वाढवतो, कुणी शर्यतीची तयारी करतो. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं : ‘क्लिपलेस पायडल घेतल्याशिवाय वेग येत नाही.’ ही पायडलं आणि त्यांचे खास बूट मिळून सहज आठ-दहा हजारांचा खर्च. हळदीच्या पट्टीवर वर्षाचं गणित बसवणाऱ्या बापापुढे पोराने हा हट्ट धरला, तर त्याने काय करावं? मी विज्ञानाचा पदवीधर नाही. पण हा प्रश्न माझ्याकडे एकाहून अधिक घरांतून आला, म्हणून त्यावरचे शोधनिबंध मिळवून वाचले.

आधी नावाचा घोळ सोडवू. जुन्या शर्यतीच्या सायकलींच्या पायडलावर चवड्यापुढे एक क्लिप असे आणि पाय चामडी पट्ट्याने आवळला जाई. ती क्लिप गेली म्हणून नवं पायडल ‘क्लिपलेस’. प्रत्यक्षात बूट त्यात अडकतोच. बुटाच्या तळाला बसवलेली पट्टी, म्हणजे क्लीट, पायडलाच्या स्प्रिंगमध्ये खटकन बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. युक्ती मुळात बर्फावरच्या स्कीची. स्कीचे बंध बनवणाऱ्या ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने ती सायकलवर आणली. १९८५ साली बर्नार इनोने ही पायडलं वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि काही वर्षांतच शर्यतींतून चामडी पट्टे हद्दपार झाले.

या पायडलांच्या बाजूने सांगितला जाणारा तर्क सोपा आहे. साध्या पायडलावर आपण फक्त खाली दाबतो. पाय अडकवला की वर ओढताही येतं, म्हणजे जोर दोन्हीकडून. ऐकायला हे पटतं. पण माणसाचा पाय दोन्ही दिशांना सारखा बनलेला नाही. मांडीचे आणि नितंबाचे मोठे स्नायू दाबण्यासाठी आहेत. पाय वर उचलणारे स्नायू त्यामानाने लहान आणि लवकर थकणारे.

१९९१ साली एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतले अव्वल सायकलपटू आणि त्यांच्याहून एक पायरी खालचे सायकलपटू यांची तुलना केली. अव्वल खेळाडू पाय जास्त ओढत नव्हते. ते खाली जास्त जोराने दाबत होते. २००७ मध्ये थॉमस कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंना मुद्दाम पाय वर ओढायला लावलं. पायडलावरचा जोर अधिक नीट वाटला गेला खरा, पण तेवढ्याच कामाला शरीराने ऊर्जा जास्त खर्च केली. २०१६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या स्ट्रॉ आणि क्रॅम यांनी साधे धावण्याचे बूट व सपाट पायडल, तेच बूट व क्लिप, आणि क्लीटचे बूट अशी तुलना केली. संथ ते मध्यम गतीला तिन्हींत ऊर्जेचा खर्च सारखाच निघाला.

मग व्यावसायिक खेळाडू मूर्ख आहेत काय? मुळीच नाही. २०२० मध्ये बर्न्स आणि क्रॅम यांनी चढावर जीव तोडून मारलेल्या छोट्या झेपा मोजल्या. तिथे क्लीटच्या बुटांनी जास्तीत जास्त शक्ती सपाट पायडलापेक्षा स्पष्टपणे अधिक दिली. शेवटच्या दोनशे मीटरांत जिथे शर्यतीचा निकाल लागतो, तिथे हा फरक खरा आहे. शिवाय पाय पायडलावरून घसरत नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. अशा झोप उडवणाऱ्या शर्यतीत थकलेला पाय आपोआप जागेवर राहणं हीसुद्धा मोठी सोय असते.

पण आपला रस्ता आपला आहे. वळणावर अचानक म्हैस आडवी आली की पाय क्षणात जमिनीला टेकवावा लागतो आणि नवशिक्या नेमका तिथेच अडकलेल्या पायासकट आडवा होतो. पावसाळ्यात बांधावर पाय टेकला की काळी माती क्लीटमध्ये घट्ट बसते आणि बूट पायडलात जाईना होतो. क्लीट तिरकी बसली, तर हजारो फेऱ्यांचा ताण गुडघ्यावर येतो.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी खर्चाचा क्रम सांगतो. पहिलं काम फुकटचं : सीट योग्य उंचीवर आणा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. आपल्याकडे शाळकरी मुलींपासून दूधवाल्यांपर्यंत बहुतेकांची सीट खाली असते आणि काही जोर तिथेच वाया जातो. मग टायरमध्ये पुरेशी हवा, चेनला तेल, ब्रेक. त्यानंतर चांगलं टायर आणि कडक तळाचे साधे बूट. पायडलात छर्रे कुरकुरत असतील, तर ग्रीस भरून घ्या. एवढं करून वर्षभर नेमाने सराव झाला, शर्यतीत पहिल्या दहांत नंबर येऊ लागला, की क्लिपलेस पायडलाचा विचार जरूर करावा. तेव्हा ते पैसे झेपेच्या कामी येतील. त्याआधी ते फक्त बापाच्या खिशातून जातील. पोराच्या पायात येणार नाहीत.