बांबू : कार्बन साठविणारे शाश्वत बांधकाम साहित्य (मराठवाड्याच्या संदर्भात)

बांबू ही तृणकुळातील वनस्पती होय. तरीही भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये तिची गणना वृक्षांत होती. २०१७ च्या दुरुस्तीने वनेतर जमिनीवरील बांबू त्यातून वगळला गेला. त्यामुळे सेलूसारख्या तालुक्यातील शेतकऱ्यास बांधावरील बांबू तोडून विकणे सुकर झाले.

कोरड्या बांबूच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. म्हणजेच १०० किलो कोरड्या बांबूसाठी हवेतील सुमारे १८३ किलो कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो. बांबू जळाला वा कुजला की तो पुन्हा हवेत मिसळतो. घरात वापरल्यास घर टिकेपर्यंत साठून राहतो. म्हणून टिकाऊपणा हाच येथे कळीचा मुद्दा ठरतो. त्यासाठी ३ ते ५ वर्षांचा परिपक्व बांबू निवडणे, त्यावर बोरॅक्स व बोरिक आम्लाची प्रक्रिया करणे आणि जोते उंच ठेवून त्यास ओलाव्यापासून जपणे आवश्यक आहे. परिपक्व बांबू तोडला तरी बेट कायम राहते व नवे कोंब फुटतात.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती व जड माळवदे कोसळून हजारो लोक मृत्युमुखी पडले. भूकंपाचा भार इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात येत असल्याने पक्क्या सांध्यांचा हलका बांबूचा सांगाडा तुलनेने सुरक्षित ठरतो.

तथापि, २०११ च्या जनगणनेत बांबूच्या भिंती तात्पुरत्या साहित्यात मोडतात, तर राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये बांबूस स्वतंत्र विभाग आहे. ही विसंगती दूर झाल्याखेरीज बांबूचे घर ‘कच्चे’ ही समजूत पुसली जाणार नाही.