हरला म्हणून बंद पडला?

बंद पडलेले संघ : भाग ५

मुंबई मॅजिशियन्स हा हॉकी इंडिया लीगमधला संघ दोनच हंगाम जगला, २०१३ आणि २०१४. दोस्ती ग्रुप या मुंबईच्या बिल्डरचा हा संघ. डिसेंबर २०१२ च्या लिलावात त्यांनी संदीप सिंगला ६४,४०० डॉलर मोजले. ज्याच्यावर पुढे ‘सूरमा’ सिनेमा निघाला, तोच हा ड्रॅगफ्लिकवाला. प्रशिक्षक म्हणून ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ आणले. कागदावर संघ झकास होता.

घात झाला मैदानाबाहेर. जानेवारी २०१३ मध्ये ताबारेषेवर दोन भारतीय जवान मारले गेले. मॅजिशियन्सकडे चार पाकिस्तानी खेळाडू होते. चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर सराव चालू असताना शिवसैनिकांनी निदर्शनं केली आणि दोन दिवसांत लीगमधल्या नऊच्या नऊ पाकिस्तान्यांना माघारी धाडण्यात आलं. ऐन सुरुवातीलाच चार गडी गेले. पाच संघांत मुंबई तळाला राहिली.

हरणारा संघ बंद पडणारच, असं पारावर कुणीही म्हणेल. मला ते पटत नाही. त्याच हंगामात रांची ऱ्हायनोज अजिंक्य ठरला, आणि २०१४ नंतर तोही मॅजिशियन्सबरोबरच गुंडाळला गेला. पुणे स्ट्रायकर्सची तर आणखी तऱ्हा. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत हा संघ अंतिम फेरीत पोचला आणि २ एप्रिलला शेर-ए-पंजाबकडून ५-२ असा हरला. ती स्पर्धा भारतीय हॉकी महासंघ आणि निंबस कंपनीची; आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मात्र प्रतिस्पर्धी हॉकी इंडियाला. स्पर्धा पुन्हा भरलीच नाही. जेमतेम पाच आठवड्यांत पुण्याच्या संघाचा खेळ आटोपला.

कारण सरळ आहे. मालक विकत घेतो तो शहराचं नाव लावून खेळण्याचा हक्क. मैदान दुसऱ्याचं, खेळाडू लिलावातले. प्रायोजक आणि टीव्हीच्या पैशातून खर्च निघेना की मालक हात झटकतो. अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीचे संघ निदान बिऱ्हाड तरी उचलतात, आपले माणदेशी मेंढपाळ कळप घेऊन कोकणात उतरतात तसे. अटलांटा शहराने असे दोन संघ गमावले : एक १९८० मध्ये कॅलगरीला गेला, दुसरा २०११ मध्ये विनिपेगला. आपल्याकडे संघ जात नाही, नुसता पुसला जातो.

मुंबईला २०१५ मध्ये दबंग मुंबई हा नवा संघ मिळाला. २०१७ च्या अंतिम सामन्यात तो कलिंग लान्सर्सकडून हरला आणि त्यानंतर लीगच थांबली. २०२४ च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली तेव्हा आठ पुरुष संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता, महिलांच्या चार संघांतही नाही. म्हसवडकरांना हे जास्त खुपावं, कारण हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघातली वैष्णवी फाळके शेजारच्या फलटण तालुक्यातली. घरच्या नावाने खेळायला तिला संघच नाही.

पुढच्या आठवड्यात : धनराज पिल्लेचा मराठा वॉरियर्स.